दूरध्वनीवरचे भामटे आणि आमचें घर

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें अनसिंग गांव आहे. गांवाच्या नांवाचा संबंध जुनीं माणसें शृंगऋषींशीं जोडतात. ह्या ऋषींची कथा महाभारताच्या वनपर्वांत लोमश मुनींनीं धर्मराजास सांगितली आहे, आणि शाळेंत असतांना मीं ती मुलांना कितीएक वेळां रंगवून सांगितली असेल. विभांडक मुनींचा हा पुत्र अरण्यांत वाढला. पित्यावांचून दुसरें मनुष्य त्यानें पाहिलेंच नव्हतें. अंगदेशांत अवर्षण पडलें, तेव्हां ह्या ब्रह्मचाऱ्यास राज्यांत आणल्यास पर्जन्य पडेल असें लोमपाद राजास सांगण्यांत आलें. मग एका चतुर गणिकेनें नावेवर एक खोटा आश्रम रचला. कृत्रिम वृक्ष, वेली, फुलें, फळें, सर्व कांहीं त्यांत होतें. ती नाव विभांडकांच्या आश्रमाजवळ लागली, आणि पिता बाहेर गेल्याची संधि साधून गणिकेची मुलगी ऋष्यशृंगाकडे गेली. त्यानें तिला थोर तपस्वी समजून पाद्य दिलें, आसन दिलें, फळें पुढें ठेविलीं. पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊक आहेच.

ही कथा ऐकतांना मुलें हंसत, आणि मीही हंसत असें. इतकें भोळें कोणी असूं शकेल काय, असा प्रश्न वर्गांत हटकून निघे. गेल्या वर्षीं श्रावणांतल्या एका दुपारीं तसाच एक नावेवरचा आश्रम माझ्या ओसरीला येऊन लागला, आणि आयुष्यभर मुलांना शहाणपण शिकविणारे मास्तर पाद्य घेऊन पुढें धांवले. हकीकत लाजिरवाणी आहे. परंतु ती लाजेनें झांकून ठेवल्यामुळेंच नुकसान अधिक झालें; म्हणून येथें ती उघडपणें सांगतों.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. थोरले बंधू कैलासवासी झाले. वहिनी घरांत सर्वांत वडील. मुलगे नोकरीनिमित्त रोज वाशीमला जातात, पुतण्या शेती पाहतो. त्या दुपारीं पुरुष माणसें बाहेर होतीं, स्त्रिया माजघरांत जरा लवंडल्या होत्या, आणि मी नातवाच्या संगणकावर वनपर्वाचा एक पाठ शोधीत होतों. कोठें काय दाबलें गेलें तें कळलें नाहीं. पण एकाएकीं सारा पडदा लाल झाला, घंटा वाजूं लागली, आणि एक यांत्रिक आवाज इंग्रजींत ओरडूं लागला, कीं संगणकांत विषाणु शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करूं नका, खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पडद्यावर एका जगप्रसिद्ध कंपनीचें चिन्ह होतें. मीं घाईघाईनें तो क्रमांक फिरविला.

पलीकडचा मनुष्य हिंदींत अत्यंत अदबीनें बोलत होता. आपण त्या कंपनीचे तंत्रज्ञ आहों असें त्यानें सांगितलें. माझा व्यवसाय विचारला, आणि मी शिक्षक होतों असें कळतांच तो मला ‘गुरुजी’ म्हणूं लागला. खोटें कशाला सांगूं? त्या एका शब्दानें मी निम्मा विरघळलों. त्यानें सांगितल्याप्रमाणें मीं संगणकावर व मोबाईलवर एकेक ॲप उतरवून घेतलें, आणि त्यावर आलेला नऊ अंकी क्रमांक त्याला वाचून दाखविला. लगेच माझ्या हातावांचून पडद्यावरील बाण हलूं लागला. त्यानें एक यादी उघडून दाखविली. तींत तांबड्या फुल्यांच्या ओळीच्या ओळी होत्या. ‘गुरुजी, ह्या सगळ्या चोरांच्या खुणा आहेत,’ असें तो म्हणाला. दुरुस्तीचा आकार ४९९ रुपये सांगितला. मीं कार्डाचे आंकडे भरले. मोबाईलवर सहा अंकी गुप्त क्रमांक आला. हा क्रमांक कोणास सांगूं नये हें मला पक्कें ठाऊक होतें, आणि मीं तो सांगितलाही नाहीं. त्यानेंही विचारला नाहीं. ‘काम दोन तास चालेल, तोंवर फोन ठेवूं नका, आणि घरांत कोणाला सांगून घाबरवूं नका,’ एवढेंच तो सांगत राहिला.

चार वाजण्याच्या सुमारास बँकेचे संदेश नजरेस पडले. नातीच्या वसतिगृहाच्या शुल्कासाठीं खात्यांत ठेवलेले ३६,५०० रुपये दोन हप्त्यांत नाहींसे झाले होते.

आतां ह्या प्रकारामागील यंत्र काय होतें तें सांगतों; कारण नुसतें ‘सावध राहा’ म्हणण्यानें कोणी सावध होत नाहीं. विभांडकांनींही पुत्रास इतकेंच सांगितलें होतें, कीं ते राक्षस आहेत, त्यांच्या वाटेस जाऊं नकोस. राक्षस ओळखावा कसा, हें सांगितलें नाहीं. आणि पुढें पिता बाहेर पडतांच पुत्र नावेकडे गेला.

पडद्यावरची ती लाल पाटी म्हणजे रोग नव्हता; तें नुसतें एक वेबपान होतें. पडदाभर पसरलेलें आणि घंटा वाजविणारें, पण पानच. एस्केपची कळ दाबून धरली, किंवा तें न साधल्यास विजेचें बटण कांहीं क्षण दाबून संगणक बंद केला, तर सारा आश्रम नावेसह वाहून जातो. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें वारंवार सांगितलें आहे, कीं तिच्या खऱ्या सूचनांत दूरध्वनीचा क्रमांक कधींच नसतो, आणि ती आपण होऊन कोणास फोन करीत नाहीं. तांबड्या फुल्यांची ती यादी तर प्रत्येक निरोगी संगणकांतही असते. यंत्र आपल्या बारीकसारीक अडचणींची नोंद ठेवीत असतें. तीच काढून दाखविणें म्हणजे धडधाकट मनुष्याला त्याच्याच नाडीचे ठोके ऐकवून भिवविण्यासारखें आहे.

खरें शस्त्र तें ॲप. अशीं ॲपें मूळांत वाईट नसतात. दूरच्या कचेरींतून यंत्र दुरुस्त करण्यासाठीं प्रामाणिक लोकही तीं वापरतात. परंतु तो नऊ अंकी क्रमांक दिला, कीं आपला पडदा परक्याच्या डोळ्यांपुढें उघडा पडतो. मीं गुप्त क्रमांक तोंडानें सांगितला नाहीं, पण तो मोबाईलवर आला त्या क्षणींच चोरानें वाचला होता. किल्ली कोणास न देतां मीं भिंतच काढून टाकली होती! अशा ॲपच्या द्वारें होणाऱ्या चोरीविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींतच इशारा दिला होता.

ह्या धंद्याचीं पाळेंमुळें आपल्याच मुलखांत आहेत, ही गोष्ट मनाला अधिक लागते. २०१६ च्या ऑक्टोबरांत ठाणें पोलिसांनीं मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेंतील लोकांना फोन करून, आपण त्यांच्या सरकारच्या कर-खात्याचे अधिकारी आहों, कर न भरल्यास अटक होईल, अशी भीति घालण्यांत येत असे. सातशेंहून अधिक तरुण-तरुणींना चौकशीसाठीं ताब्यांत घेतलें आणि सत्तर जणांस अटक झाली. अहमदाबादेंतील अशाच कॉल सेंटरांच्या जाळ्यासंबंधीं अमेरिकेंत खटला चालून तेथील एकवीस साथीदारांस २०१८ सालीं शिक्षा झाल्या; कांहींना वीस वर्षांपर्यंत कारावास झाला. २०२३ च्या ऑक्टोबरांत केंद्रीय अन्वेषण विभागानें ‘ऑपरेशन चक्र-२’ ह्या मोहिमेंत देशांत ७६ ठिकाणीं झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन ह्या कंपन्यांनीं दिलेल्या तक्रारींवरून, संगणक-दुरुस्तीच्या नांवाखालीं परदेशी लोकांना लुबाडणारीं केंद्रें त्यांत होतीं.

आणि २०२५ च्या ऑगस्टांत तोच विभाग आमच्या महाराष्ट्रांत इगतपुरीस पोंचला. विपश्यनेच्या मौनासाठीं जें गांव जगाला माहीत आहे, तेथील एका रिसॉर्टांत भाड्यानें जागा घेऊन, ॲमेझॉनची ग्राहक-सेवा असल्याचें भासवून अमेरिका, कॅनडा इत्यादि देशांतील लोकांना फसविलें जात होतें, असा आरोप आहे. छाप्याच्या वेळीं साठाहून अधिक नोकर कामावर होते. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाईल आणि सुमारें १ कोटी २० लाख रुपये रोख सांपडले. विभागानें सांगितलेली कामाची वांटणी ध्यानांत घेण्यासारखी आहे: पहिला फोन लावणारा, दुसरा खातरजमा केल्याचें सोंग करणारा, तिसरा व्यवहार पुरा करणारा. पंचतंत्रांतल्या ब्राह्मणाच्या खांद्यावरचा बोकड कुत्रा आहे असें एकानें सांगून तो फसला नाहीं. ओळीनें तिघांनीं सांगितलें म्हणून फसला. आजही पहिल्या फोनपाठोपाठ बँकेचा दुसरा फोन, पोलिसांचा तिसरा फोन येतो, तो ह्याचसाठीं.

शिक्षक म्हणून मला आणखी एका गोष्टीचें दुःख होतें. ह्या केंद्रांत बसलेले बहुतेक नोकर वीस-पंचवीस वर्षांचे, नोकरीच्या शोधांत निघालेले. त्यांना स्पष्ट बोलणें, अदब, इंग्रजी हें कोणी तरी मास्तरानें शिकविलें असेल. मला ‘गुरुजी’ म्हणणारा तो मुलगाही कोणाचा तरी विद्यार्थीच होता. ज्या घरांतला मुलगा ‘कॉल सेंटरांत लागलों’ म्हणून पेढे आणतो, त्या घरानें एवढें अवश्य विचारावें: कंपनीचें नांव काय, नेमणुकीचें पत्र कोठें आहे, आणि फोनवर तूं स्वतःचें खरें नांव सांगतोस कां? दुसऱ्याचें सोंग घेऊन संगणकाच्या वा फोनच्या द्वारें फसवणूक करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. मला मालकानें सांगितलें, एवढें म्हणून सुटका होईलच असें नाहीं.

आतां माझ्या कथेचा उरलेला भाग. माझ्या मतें तोच महत्त्वाचा. पैसे गेले हें चार वाजतां कळलें. घरांत त्या वेळीं धाकटी सून होती. बँकेचे सर्व व्यवहार तीच पाहते. तिला हांक मारण्यास एक क्षणही लागला नसता. पण मीं मारली नाहीं. रात्रीं पानावर बसलों आणि दोन घांस खाऊन उठलों. वहिनींनीं विचारलें, ‘भाऊजी, बरें नाहीं कां?’ मीं पित्त झालें म्हणून सांगितलें. रात्रभर डोळा लागला नाहीं. शृंगऋषींनीं निदान त्याच सायंकाळीं पित्यापाशीं सारें बोलून टाकलें होतें. मी त्यांच्याहूनही उणा ठरलों.

सकाळीं चहा देतांना सुनेनेंच माझा चेहरा पाहून, ‘बाबा, काय झालें आहे?’ असें विचारलें, आणि मीं मोबाईल तिच्या हातांत दिला. ती एक शब्दही बोलली नाहीं. तिनें तीं ॲपें काढून टाकलीं, बँकेस फोन करून कार्ड बंद करविलें, आणि १९३० हा क्रमांक लावला. हा केंद्र सरकारचा आर्थिक सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा क्रमांक आहे. येथें तक्रार नोंदतांच ती संबंधित बँकांकडे जाते, आणि चोरलेला पैसा ज्या खात्यांत अजून पडून असेल तेथें तो अडकवून ठेवितां येतो. चोर पैसा एका खात्यांतून दुसऱ्या, दुसऱ्यांतून तिसऱ्या अशा खात्यांत फिरवून शेवटीं रोखीनें काढतो. म्हणून येथें तासच नव्हे, मिनिटेंही मोलाचीं असतात. मीं सोळा तास घालविले होते. ३६,५०० पैकीं ९,२०० रुपये एका खात्यांत अडकले, ते पुढें रीतसर अर्ज करून परत मिळाले. बाकीचे रात्रींतून पसार झाले होते. चार वाजतां बोललों असतों तर किती वांचले असते, ह्याचा हिशेब मी अजून मनाशीं करतों.

मी कां बोललों नाहीं? ह्याचें उत्तर शोधतांना पंधरा वर्षांपूर्वींची एक गोष्ट आठवली. दागिने उजळून देतों म्हणून एक भामटा दारीं आला होता, आणि वहिनींच्या पाटल्या हातोहात बदलून गेला. त्या दिवशीं संध्याकाळीं सर्वांच्या देखत मीं त्यांना तासभर व्याख्यान दिलें. शहाण्या माणसानें कसें वागावें, अनोळखी माणसास ओसरीवर कां घेऊं नये, इत्यादि. माझ्याहून वयानें मोठ्या, नुकत्याच विधवा झालेल्या त्या बाईंनीं मान खालीं घालून सारें ऐकून घेतलें. त्या व्याख्यानानें चोर सांपडला नाहीं. घरांतल्या प्रत्येक माणसाला मात्र त्यानें एकच धडा दिला, कीं ह्या घरांत फसलेल्या माणसानें तोंड उघडूं नये. तो धडा मीच दिला आणि वेळ आल्यावर मीच गिरविला.

त्या दिवशीं दुपारीं मीं वहिनींपाशीं जाऊन त्या जुन्या गोष्टीची क्षमा मागितली. त्या जरा वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, पाटल्या बदलल्याचें मला तो गेल्यावर घटकाभरांतच कळलें होतें. तो तेव्हां एस्. टी. च्या थांब्यावरच असेल. पण तुम्ही शाळेंतून यायचे होतां, म्हणून सांगायला धीर झाला नाहीं.’ ह्यावर बोलण्यासारखें माझ्यापाशीं कांहीं नव्हतें.

त्या रात्रीं घरांतलीं सर्व माणसें, मुलांसुद्धां, माजघरांत बसलीं आणि कांहीं गोष्टी ठरल्या. त्या कागदावर लिहून दूरदर्शनसंचाशेजारीं लावल्या आहेत. वाचकांस उपयोगी पडतील म्हणून देतों.

पहिली: संगणकावर वा मोबाईलवर आलेल्या पाटीवरील क्रमांकास फोन करावयाचा नाहीं. बँकेचा वा कंपनीचा क्रमांक पाहिजे असल्यास तो पासबुकावर, कार्डाच्या मागें किंवा खरेदीच्या पावतीवर पाहावा; शोधयंत्रावर पहिला दिसेल तो क्रमांक घेऊं नये, कारण भामटे तेथेंही आपले क्रमांक पेरून ठेवितात.

दुसरी: फोनवरील मनुष्याच्या सांगण्यावरून कोणतेंही ॲप उतरवावयाचें नाहीं आणि पडदा कोणास दाखवावयाचा नाहीं. यंत्र बिघडल्यास ओळखीच्या दुकानांत न्यावें.

तिसरी: यू. पी. आय. चा पिन हा पैसे देण्यासाठीं असतो, घेण्यासाठीं नव्हे. ‘परतावा देतों, पिन घाला’ म्हणणारा चोरच समजावा.

चौथी: ‘कोणास सांगूं नका’ आणि ‘फोन ठेवूं नका’ हीं दोन वाक्यें ऐकूं येतांच फोन ठेवावयाचा. पोलीस फोनवर किंवा चित्रफोनवर कोणास अटक करीत नाहींत. ‘डिजिटल अटक’ नांवाची वस्तुच कायद्यांत नाहीं. पंतप्रधानांनींही २०२४ च्या ऑक्टोबरांत आपल्या आकाशवाणीवरील भाषणांत हेंच सांगितलें होतें.

पांचवी: पैसे गेल्याचें कळतांच आधीं १९३० व बँक, मग इतर सर्व. तक्रारीची नोंद सरकारच्या सायबर-गुन्हे संकेतस्थळावरही होते, आणि गांवच्या पोलीस ठाण्यांतही जातां येतें. बँकेस कळविण्यास विलंब लावूं नये. कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचें तत्त्व असें, कीं ग्राहकाच्या निष्काळजीपणानें नुकसान झालें असल्यास बँकेस कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, आणि कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा. फसवणुकीचा फोन आला पण पैसे गेले नाहींत, तर तो क्रमांक ‘संचार साथी’वरील ‘चक्षु’ ह्या सोयींत कळवावा. ती २०२४ च्या मार्चांत सुरू झाली आहे.

सहावी गोष्ट वहिनींनीं सुचविली आणि ती मीं स्वतःच्या हातानें मोठ्या अक्षरांत लिहिली: फसलेल्या माणसास त्या दिवशीं कोणीं एक शब्दही बोलावयाचा नाहीं.

ह्या सहाव्या नियमावर माझा सर्वांत अधिक भरंवसा आहे. पहिले पांच नियम उद्यां कदाचित् जुने होतील. भामटे नव्या नावा बांधतील, त्यांवर नवीं फुलें-फळें रचतील. त्या सर्वांची लक्षणें आधींच पाठ करणें कोणास साधणार? परंतु एकत्र कुटुंबाला एक बळ आहे, तें एकट्या राहणाऱ्यास नाहीं. हांकेच्या अंतरावर कोणी तरी असतें. चोराची सारी विद्या त्या हांकेस अडविण्यांत आहे. ती अडविण्याचें काम निदान घरांतल्या वडिलांनीं तरी करूं नये.

महिन्यापूर्वीं एके दिवशीं वहिनी मोबाईल कानाशीं धरूनच माजघरांतून बाहेर आल्या आणि मोठ्यानें म्हणाल्या, ‘अहो, हा कोणी बँकेचा माणूस म्हणतो आहे, घरांत कोणाला सांगूं नका. म्हणून सांगायला आलें!’ पलीकडून फोन लगेच बंद झाला. सारें घर हंसलें, आणि त्यांत वहिनींचा आवाज सर्वांत मोठा होता.